किविक्स : इंटरनेटशिवाय विकिपीडिया, आणि फाइल निवडणाऱ्याचं काम

अख्खा विकिपीडिया एका फाइलीत घ्यायचा, ती फाइल फोनवर किंवा लॅपटॉपवर ठेवायची आणि इंटरनेट असो-नसो, हवा तो लेख उघडायचा. किविक्स नेमकं एवढंच करतं आणि ते फार चांगलं करतं. सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, त्यात जाहिरात नाही, खातं उघडावं लागत नाही. २००७ साली इमॅन्युएल एंगेलहार्ट आणि रेनो गोदँ यांनी ते सुरू केलं, आज स्वित्झर्लंडमधली एक ना-नफा संस्था ते सांभाळते. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, लिनक्स, मॅक, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, शिवाय ब्राउझरचं एक्स्टेन्शन, एवढ्या सगळ्यावर ते चालतं.

माझं मत आधीच सांगतो. जिथे जोडणी पोहोचलेली नाही, परवडत नाही किंवा कुणीतरी मुद्दाम तोडतं, तिथे माहिती पोहोचवण्यासाठी याच्या तोडीचं साधन मला माहीत नाही. पण 'डाउनलोड केलं, वाटलं, काम झालं' अशा समजुतीने जे बसवतात, त्यांच्याकडे ते काही महिन्यांत धूळ खात पडतं. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो. फाइल चुकीची निवडलेली असते, मेमरी कार्ड चुकीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं, किंवा आतली माहिती किती जुनी आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

गरज किती मोठी आहे ते आधी बघू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातली सुमारे २६० कोटी माणसं इंटरनेटच्या बाहेर होती, म्हणजे जवळपास तिघांमागे एक. जे आत आहेत त्यांचीही जोडणी कायमची आहे असं नाही. तुर्कीने २९ एप्रिल २०१७ रोजी विकिपीडिया बंद केला, तो १५ जानेवारी २०२० रोजी पुन्हा उघडला. मधली पावणेतीन वर्षं तिथल्या विद्यार्थ्याला साध्या संदर्भासाठीही आडवाट शोधावी लागली. मार्च २०२२ मध्ये रशियात विकिपीडियावर बंदी येणार अशी चिन्हं दिसताच किविक्सची रशियन विकिपीडियाची २९ जीबीची फाइल पंधरवड्यात एक लाखाहून अधिक वेळा उतरवली गेली. माहिती हातातून जाईल असं वाटलं तेव्हा लोकांनी ती घरात आणून ठेवली. दुष्काळात पाणी भरून ठेवावं तसं.

आता मुख्य वस्तूकडे, म्हणजे झिम फाइलीकडे. किविक्स हा नुसता वाचक, म्हणजे फाइल वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे. मजकूर 'झिम' प्रकारच्या फाइलीत असतो आणि हा फाइलप्रकार ओपनझिम नावाचा जोडप्रकल्प सांभाळतो. त्याची रचना समजून घेतली की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. अनेक लेख एकत्र करून त्यांचे गठ्ठे केलेले असतात आणि प्रत्येक गठ्ठा वेगळा दाबून बसवलेला असतो. कोणता लेख कुठल्या गठ्ठ्यात आहे याची यादी फाइलीतच असते. तुम्ही लेख उघडलात की फक्त तो एक गठ्ठा सोडवला जातो, बाकीच्या फाइलीला हातही लागत नाही. म्हणून १०० जीबीची फाइल दोन जीबी रॅमच्या जुन्या फोनवरही झटकन उघडते. झिप फाइल असते तसं सगळं आधी मोकळं करायची गरज नाही. खरं तर झिम फाइल मोकळी करायचा प्रयत्न करूच नये. शोधासाठीची सूचीही बहुतेक फाइलींच्या आतच असते, त्यामुळे शीर्षकाबरोबर लेखातल्या मजकुरातही शोधता येतं.

विकिपीडियाच्या फाइली तीन प्रकारांत मिळतात आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. 'मॅक्सी' म्हणजे चित्रांसह पूर्ण लेख. 'नोपिक' म्हणजे पूर्ण मजकूर, चित्रं वगळून. 'मिनी' म्हणजे प्रत्येक लेखाची फक्त प्रस्तावना आणि बाजूची माहितीची चौकट. इंग्रजी विकिपीडियाची मॅक्सी १०० जीबीच्या वर जाते, नोपिक साधारण तिच्या निम्मी, तर मिनी दहा-पंधरा जीबींत बसते. जागा कमी म्हणून अनेक जण मिनी घेतात आणि शाळेच्या संगणकांवर टाकून मोकळे होतात. मग मुलं 'प्रकाशसंश्लेषण' उघडतात, दोन परिच्छेद दिसतात आणि लेख संपतो. विकिपीडियात एवढंच असतं असा त्यांचा समज होतो. तो समज नंतर काढणं अवघड जातं. जागा कमी असेल तर मिनीपेक्षा विषयवार फाइल घ्यावी. वैद्यकीय लेखांची विकिमेड, गणित, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, इतिहास अशा वेगळ्या फाइली मिळतात. त्यांत लेख मोजके असतात, पण पूर्ण असतात. तज्ज्ञ नसलेल्या वाचकाला हजार अर्धवट लेखांपेक्षा शंभर पूर्ण लेखांचा जास्त उपयोग होतो.

विकिपीडियापलीकडेही बरंच आहे. विक्शनरी, विकिबुक्स, प्रोजेक्ट गुटेनबर्गची पुस्तकं, स्टॅक एक्स्चेंजवरची प्रश्नोत्तरं, दुरुस्तीचं मार्गदर्शन देणारं आयफिक्सइट, टेडची भाषणं, आणि फेटची विज्ञानाची सिम्युलेशनं. शाळेसाठी एकच फाइल निवडायची वेळ आली तर मी फेट निवडेन. विद्युतमंडलातला रोध सरकवला की प्रवाह कसा बदलतो हे तिथे हाताने करून बघता येतं, फाइलही लहान असते आणि भाषेचा अडसर कमी राहतो. सॉफ्टवेअर शिकणाऱ्यासाठी स्टॅक एक्स्चेंजची फाइल म्हणजे जोडणी नसलेल्या जागी बसलेला अनुभवी सहकारीच.

डाउनलोडचं गणित आधी करून घ्या. १०० जीबी म्हणजे ८ लाख मेगाबिट. १० एमबीपीएसच्या जोडणीवर ही फाइल सलग २२ तास घेईल, ५० एमबीपीएसवर साडेचार तास. ब्राउझरमधून एवढी मोठी फाइल उतरवू नये, मध्ये जोडणी तुटली की अनेकदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. किविक्सच्या डाउनलोड सर्व्हरवर प्रत्येक फाइलीचा टॉरंटही असतो, तो वापरावा. टॉरंट तुकडे तपासत तपासत घेतो, त्यामुळे तुटलं तिथून पुढे चालू होतं आणि खराब तुकडा आपोआप पुन्हा मागवला जातो. थेट डाउनलोड केलंच तर त्याच पत्त्यावर मिळणारा शा-२५६ हा पडताळणी आकडा काढून ताडून बघा. फाइलीच्या शेवटी एक अंतर्गत पडताळणी आकडाही असतो आणि 'झिमचेक' हे साधन तो तपासतं. हे पाऊल गाळलं तर काय होतं? फाइल उघडते, मुखपृष्ठ दिसतं, पहिले पन्नास लेख नीट चालतात, आणि मग एखाद्या विशिष्ट लेखावर अॅप बंद पडतं. तो गठ्ठा खराब झालेला असतो. असा दोष सहा महिन्यांनी कुणाच्या तरी हातात पडल्यावर उघडकीस येतो, आणि तोवर खराब फाइलीच्या दहा प्रती वाटून झालेल्या असतात.

यानंतरचा अडथळा कार्डाचा. बरेच पेनड्राइव्ह आणि लहान मेमरी कार्डं फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात. त्या पद्धतीत एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे, मग कार्डावर कितीही जागा मोकळी असो. 'जागा आहे तरी कॉपी होत नाही' या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच निघतं. उपाय सोपा आहे, कार्ड एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. त्याआधी कार्डावरचं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, कारण फॉरमॅट केलं की ते पुसलं जातं. काही जुने फोन एक्सफॅट वाचत नाहीत. त्यांच्यासाठी 'झिमस्प्लिट' या साधनाने फाइलीचे ४ जीबीच्या आतले तुकडे करता येतात. सगळे तुकडे एकाच फोल्डरात ठेवायचे, त्यांची नावं बदलायची नाहीत आणि पहिला तुकडा उघडायचा. एकाचंही नाव बदललं की साखळी तुटते.

कार्डाबद्दल आणखी दोन गोष्टी. १२८ जीबीचं कार्ड विंडोजवर ११९ जीबीच्या आसपास दिसतं. ती फसवणूक नाही, कार्ड बनवणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १०२४ ने. पण खरी फसवणूकही असते. १२८ लिहिलेलं आणि प्रत्यक्षात १६ किंवा ३२ चं कार्ड सर्रास विकलं जातं. ते कॉपी करताना कुरकुर करत नाही, नुसतं आधीच्या माहितीवर नवी माहिती लिहीत जातं. म्हणून नवं कार्ड एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-३ या साधनाने पूर्ण भरून आणि परत वाचून तपासल्याशिवाय त्यावर काही ठेवू नये. वेळ लागतो, पण दहा कार्डं वाटायची असतील तर ही तपासणी टाळता येणार नाही. आणि फोन जेव्हा विचारतो की कार्ड अंतर्गत साठ्यासारखं वापरायचं का, तेव्हा नकार द्या. होकार दिलात की कार्ड त्या एका फोनशी बांधलं जातं आणि दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही.

अँड्रॉइडवर एक पेच आहे आणि नव्याने बसवणारा हमखास त्यात अडकतो. प्ले स्टोअरवरच्या किविक्सला फोनमधल्या सगळ्या फाइली बघायची परवानगी मिळत नाही. हा स्टोअरच्या धोरणाचा भाग आहे. त्यामुळे पेनड्राइव्हवरून आणलेली झिम फाइल त्याला सरळ दिसत नाही. संपूर्ण सोयींची आवृत्ती किविक्सच्या संकेतस्थळावरून किंवा एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत अॅपच्या भांडारातून घ्यावी लागते. जिथे अॅपमधूनच फाइल डाउनलोड करायची आहे तिथे प्ले स्टोअरची आवृत्ती पुरते. पण जोडणीच नसलेल्या ठिकाणी, म्हणजे ज्यांच्यासाठी हे बनवलंय त्यांच्याकडे, ती अपुरी पडते. तेव्हा वाटपाच्या पेनड्राइव्हवर झिम फाइलीशेजारी अॅपची एपीके, म्हणजे बसवायची, फाइलही ठेवावी.

विंडोजवर दोन चुका ठरलेल्या आहेत. एक, झिप फाइल न सोडवता तिच्या आतूनच किविक्स चालवणं. असं केलं की त्याला लागणाऱ्या बाकीच्या फाइली सापडत नाहीत. दोन, संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ चा आवश्यक संच नसणं. प्रोग्राम सुरूच होत नसेल तर तो बसवा. जोडणी नसलेल्या ठिकाणी जाताना हा संचही सोबत घेऊन जा.

फाइल एका फोनवरून दुसऱ्या फोनवर द्यायची सोय अॅपमध्येच आहे. ती वाय-फाय डायरेक्ट वापरते, त्यासाठी दोन्ही फोनचं लोकेशन चालू लागतं. नेमकं तेच बंद असल्याने समोरचा फोन यादीत दिसत नाही. मात्र २० जीबीच्या पुढच्या फाइलीला कार्ड काढून लॅपटॉपवर कॉपी करणंच बरं.

आता ज्याने किविक्स व्यक्तीच्या हातातून निघून समूहाचं होतं तो भाग, किविक्स-सर्व्ह. एका संगणकावर झिम फाइली ठेवायच्या, किविक्स-सर्व्ह चालू करायचं आणि त्याच वाय-फायवरच्या कुठल्याही फोनच्या ब्राउझरमधून वाचायचं. वाचणाऱ्याला काहीही बसवावं लागत नाही. दृष्टिबाधित वाचकाला हीच पद्धत सोयीची पडते, कारण त्याच्या सवयीचा ब्राउझर आणि त्याचा सवयीचा, पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीनरीडर आहे तसाच वापरता येतो. फाइली अनेक असतील तर 'किविक्स-मॅनेज'ने त्यांची एक यादी बनवून ती सर्व्हला द्यायची. सर्व्ह मुळात ८० क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे संगणकात येण्याचं क्रमांकित दार, मागतं. लिनक्सवर १०२४ च्या खालच्या पोर्टसाठी विशेष अधिकार लागतात, म्हणून ८०८० द्यावं. अँड्रॉइडच्या अॅपमध्येही हॉटस्पॉटची सोय आहे. एका शिक्षकाच्या फोनवर फाइल असली तरी शेजारची चार-पाच मुलं आपापल्या फोनवर वाचू शकतात.

कायमच्या जागेसाठी रास्पबेरी पाय घ्यावा. किविक्सचं हॉटस्पॉट त्यावर स्वतःचं वाय-फाय तयार करतं. तळहाताएवढ्या पेटीतून अख्खं ग्रंथालय. याच जातीचं काम फ्रेंच भाषक आफ्रिकेत २०१२ साली सुरू झालेल्या आफ्रिपीडिया प्रकल्पाने विद्यापीठांमध्ये केलं, आणि इंटरनेट-इन-अ-बॉक्स ही पेटीही आतून किविक्सच वापरते. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीला, म्हणजे पाय ४ ला, ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा नीट पुरवठा हवा. फोनचा जुना चार्जर आणि लांब, बारीक केबल लावली तर व्होल्टेज उतरतं, पाय मध्येच पुन्हा सुरू होतो आणि कार्डावरची फाइलरचना बिघडते. लोक कार्डाला दोष देतात, दोष केबलचा असतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर तो सात-आठ तास चालावा, कारण त्यात जेमतेम ३७ वॉट-तास असतात आणि थोडे रूपांतरात जातात. वीज जाणाऱ्या जागी मध्ये पॉवर बँक असलीच पाहिजे. अचानक बंद होणं या पेटीला सोसत नाही. पायचं अंगचं वाय-फाय एका खोलीपुरतं आहे. वर्ग मोठा असेल तर केबलने साधा राउटर जोडा आणि वाय-फायचं काम त्याला द्या.

पेटी नीट चालते, तरी वापरणारे म्हणतात 'चालत नाही'. त्यांच्या फोनवर काय घडतं ते जवळून बघायला हवं. फोन पेटीच्या वाय-फायला जोडला जातो. दोन सेकंदांनी फोनच्या लक्षात येतं की या वाय-फायवर इंटरनेट नाही. तो वर एक उद्गारचिन्ह दाखवतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर परततो. वापरणारा पत्ता टाइप करतो, ब्राउझर तो पत्ता बाहेरच्या जगात शोधतो, आणि पान उघडत नाही. वाय-फायचं चिन्ह मात्र दिसतच असतं. मोबाइल डेटा बंद करा, किंवा 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहायचं का' या प्रश्नाला 'हो' म्हणा. दुसरी अडचण, ब्राउझर स्वतःहून सुरक्षित पत्त्याकडे, म्हणजे एचटीटीपीएसकडे वळतो आणि पेटीवर साधं एचटीटीपी असतं. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी पूर्ण टाइप करावं. या दोन ओळी मोठ्या अक्षरांत लिहून पेटीशेजारी भिंतीवर लावल्या तर निम्म्या तक्रारी बंद होतात. लॅपटॉपवरून सर्व्ह चालवत असाल तर आणखी दोन ठिकाणं तपासा. विंडोजच्या फायरवॉलने पोर्ट अडवलंय का, आणि राउटरमध्ये 'एका उपकरणाला दुसरं दिसू नये' अशी सोय चालू आहे का.

मराठी वाचकासाठी वेगळं सांगायला हवं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि आज त्यात सुमारे १ लाख लेख आहेत. इंग्रजीत सुमारे ७० लाख आहेत. मराठीतले बरेच लेख दोन-चार ओळींचे आहेत. म्हणजे जोडणीचा प्रश्न किविक्सने सोडवला तरी भाषेतली दरी तशीच राहते, उलट शेजारी शेजारी ठेवल्यावर ती जास्त डोळ्यांत भरते. तरीही मराठी फाइल टाकावीच. ती साध्या पेनड्राइव्हवर मावते आणि ज्याला इंग्रजी जड जातं त्याला सुरुवातीची पायरी मिळते. दोन्ही फाइली ठेवल्यात तरी मराठी लेखातून त्याच विषयाच्या इंग्रजी लेखावर थेट उडी मारता येत नाही, कारण त्या दोन वेगळ्या फाइली आहेत. कित्येक मराठी लेखांच्या पहिल्या ओळीत इंग्रजी संज्ञा दिलेली असते. ती उचलून इंग्रजी फाइलीत शोधायची सवय वाचकाला लावावी.

शोधात मराठीची आणखी अडचण होते. किविक्सचा पूर्णमजकूर शोध झेपियन नावाच्या यंत्रणेवर चालतो. इंग्रजीत ही यंत्रणा शब्दाचं मूळ ओळखते, मराठीसाठी तशी सोय तिच्यात नाही. 'घोडा' शोधलंत तर 'घोड्याला', 'घोड्यांच्या', 'घोड्यावर' असलेले लेख हाती लागतीलच असं नाही. आपली भाषा प्रत्येक नामाचं सामान्यरूप करते आणि यंत्राला ते वेगळेच शब्द वाटतात. म्हणून एक रूप देऊन काही सापडलं नाही तर माहितीच नाही असं समजू नका, दोन-तीन रूपांनी शोधा. तसंच 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एकसंध 'ॲ' किंवा 'अ'वर चंद्र देऊन 'अॅ'. डोळ्याला सारखं दिसतं, संगणकाला वेगळं. 'ॲमेझॉन' सापडलं नाही तर दुसऱ्या प्रकारे टाइप करून बघा. मुलांना शिकवताना हे आधी सांगितलं पाहिजे, कारण रिकामं शोधपान दिसलं की मूल स्वतःला चुकीचं समजतं, यंत्राला नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो ज्यासाठी हे परीक्षण लिहावंसं वाटलं. अशी माहिती हातात आली की माणसात आणि समूहात काय बदलतं?

व्यक्तीच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकांत. स्वतःच्या फोनवरच्या झिम फाइलीत काय शोधलं हे कुठल्याही सर्व्हरला कळत नाही. आजाराबद्दल, मासिक पाळीबद्दल, गर्भनिरोधाबद्दल, मानसिक त्रासाबद्दल वाचायला अनेकांना जो संकोच असतो, तो इथे बराच कमी होतो. त्या वाचनावरून तुमच्यावर जाहिरातींचा मारा होत नाही, 'पुढे हे बघा' म्हणत कुणी ओढत नेत नाही. वाचक आपल्या प्रश्नाच्या मागे जातो आणि उत्तर मिळालं की थांबतो. पण हा एकांत फक्त स्वतःच्या उपकरणावर आहे. अॅप वाचनाचा इतिहास ठेवतं, म्हणून घरात एकच फोन असेल तर तो पुसायला शिकवा. आणि किविक्स-सर्व्हवर वाचन साध्या एचटीटीपीने होतं. पेटी ज्याच्या ताब्यात आहे त्याला, आणि त्याच वाय-फायवर कान लावून बसलेल्यालाही, कोणत्या फोनवर कोणतं पान उघडलं ते कळू शकतं. शाळेत किंवा वसतिगृहात पेटी बसवणाऱ्याने वाचनाची नोंद ठेवू नये आणि ती ठेवत नाही हे मुलांना सांगावं. आरोग्याची फाइल शक्य तिथे प्रत्येकाच्या फोनवर वेगळी द्यावी.

समूहाच्या बाजूने प्रश्न सत्तेचा आहे. जोडणी असते तेव्हा वाचक जगभर भटकू शकतो. पेटी असते तेव्हा तो तेवढ्याच भिंतींच्या आत भटकतो जेवढ्या पेटी भरणाऱ्याने उभारल्या. किविक्स-सर्व्हमध्ये बाहेरचे दुवे अडवायची सोयसुद्धा आहे. प्राथमिक वर्गासाठी ती रास्त आहे, कारण जोडणी नसताना ते दुवे तसेही निष्फळ ठरतात आणि मूल गोंधळतं. पण इतिहासाची फाइल टाकायची आणि जीवशास्त्रातला प्रजननाचा भाग असलेली फाइल टाळायची, असं जेव्हा कुणी एकटा ठरवतो, तेव्हा तो दोनशे मुलांच्या वतीने ठरवत असतो. ग्रंथपाल हे काम करतात, पण ग्रंथपालाची निवड कपाटावर सगळ्यांना दिसते. पेटीत काय नाही हे कुणालाच दिसत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की फाइलींची यादी शिक्षक, पालक आणि थोडी मोठी मुलं यांनी मिळून करावी आणि ती लेखी लावावी.

दुसरा बदल जास्त खोल आहे. विकिपीडियाचं बळ असं की वाचणारा तो दुरुस्तही करू शकतो. झिम फाइलीत संपादनाचं बटण नाही, लेखाचा इतिहास नाही, चर्चापान नाही. लेखावरून कोण कशासाठी भांडलं, कुठलं वाक्य वादग्रस्त ठरून तीनदा बदललं, हे सगळं गळून जातं आणि उरतो एक गुळगुळीत मजकूर. छापील पुस्तकासारखा, शेवटचा शब्द असल्यासारखा. ज्यांनी जिवंत विकिपीडिया कधी पाहिलाच नाही त्यांना हा मजकूर कुणीतरी लिहिलेला, चुकू शकणारा आहे हे कळायला मार्ग नाही. याला सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही, शिकवण्यात आहे. लेखाच्या तळाशी संदर्भ जसेच्या तसे असतात. ते उघडत नसले तरी वाचता येतात. 'या वाक्याला संदर्भ आहे का?' हा प्रश्न मुलांना विचारायला लावणं जोडणीशिवायही जमतं. आणि वहीत दुरुस्त्या टिपून ठेवल्या तर ज्याला महिन्यातून एकदा जोडणी मिळते तो त्या खऱ्या विकिपीडियावर करू शकतो. मराठीसाठी तर हे फारच मोलाचं आहे, कारण तिथे एका माणसाने वाढवलेल्या चार परिच्छेदांनीही लेख पुरा बदलतो.

शिळेपण हा किविक्सचा खरा कमकुवत दुवा आहे. फाइल म्हणजे एका दिवशी काढलेला फोटो. फाइलीच्या नावात वर्ष आणि महिना असतो, पण अॅप उघडल्यावर वाचकाच्या डोळ्यांसमोर तो सहसा नसतो. हे मला या सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात खटकणारं आहे. तारीख प्रत्येक पानाच्या वर ठळक असायला हवी होती. शिवाय फक्त बदललेला भाग उतरवायची सोय नाही. नवी आवृत्ती म्हणजे पुन्हा पूर्ण १०० जीबी. आणि नवी आवृत्ती वेळेवर येईलच असंही नाही. इंग्रजीची पूर्ण चित्रांसह फाइल जानेवारी २०२४ ची निघाली, तिच्यानंतरची ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे दीड वर्षाहून जास्त खंड पडला. विकिपीडियाने पानं देण्याची अंतर्गत पद्धत बदलली की झिम बनवणारं साधनही बदलावं लागतं, आणि हे काम करणारे हात मोजके आहेत. ज्वालामुखी कसा फुटतो याला दीड वर्षाने फरक पडत नाही. औषधाची मात्रा, लसीकरणाचं वेळापत्रक, कायदा, पदावर कोण आहे, याला पडतो. विकिमेड आरोग्यकेंद्रात ठेवायची असेल तर ती पाठ्यपुस्तकासारखी वापरावी, मात्रेसाठी कधीही नाही.

म्हणून नूतनीकरणाचा दिवस आधीच ठरवून ठेवा. वर्षातून दोनदा पुरे, विकिमेडसाठी दर तीन महिन्यांनी. नवी फाइल आली की जुनी लगेच पुसू नका. आधी झिमचेक चालवा, मग पाच-सहा लेख उघडून बघा, त्यात एक लांब, एक चित्रांचा, एक मराठी शोधातून सापडलेला. सर्व्हची यादी नव्या फाइलीकडे वळवा, आठवडाभर जाऊ द्या, मग जुनी काढा. त्यासाठी दोन्ही फाइली एका वेळी मावतील एवढी जागा सुरुवातीलाच हवी. म्हणजे इंग्रजी मॅक्सीसाठी १२८ नाही, २५६ जीबीचं कार्ड. आणि पेटीवर एक चिठ्ठी चिकटवा : आतली माहिती अमुक महिन्याची आहे, पुढची तमुक महिन्यात येईल, चूक दिसली तर या वहीत लिहा.